नेमबाजाची दुर्बीण

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना नवल वाटलें असेल. ज्या गृहस्थानें सारा जन्म शाळेंत फळा व खडू यांच्या संगतींत घालविला, बंदूक म्हणून जी काय हातीं धरली ती जत्रेंतील फुगे फोडण्याची, त्यानें नेमबाजीच्या साहित्यावर बोलावें हें जरा धाडसाचेंच आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें शिक्षकाची पदविका घेतली आणि सातवीपर्यंतच्या मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकवीत निवृत्त झालों. भिंगें व प्रकाशकिरण यांविषयींचें माझें ज्ञान क्रमिक पुस्तकापलीकडे फारसें जात नाहीं. परंतु या खरेदींत मीं एक चूक केली, तिचा भुर्दंड माझ्या नातीस सोसावा लागला, आणि ती चूक निस्तरतांना जें उपयोगी पडलें तें सातवीच्या पुस्तकांतलेंच होतें. तेवढ्याच अधिकारावर मी बोलणार आहें.

आम्ही चिंचवडचे. चिंचवड म्हटलें कीं जुन्या लोकांच्या डोळ्यांपुढें पवनेचा घाट व मोरया गोसावींची समाधि उभी राहते, आणि नव्या लोकांच्या डोळ्यांपुढें कारखान्यांचीं छपरें. आकुर्डी, पिंपरी, भोसरी आणि तेथून थेट चाकणपर्यंत, ज्यांचें जेवणखाण व झोपसुद्धां कारखान्याच्या पाळीवर ठरते अशीं हीं घरें. त्यांत खेळ म्हणजे क्रिकेट, फार तर कबड्डी. परंतु वाकडजवळ मुळा नदी ओलांडली कीं पलीकडे म्हाळुंगे-बालेवाडीचें शिवछत्रपति क्रीडासंकुल लागतें. १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं तें उभें राहिलें. २००८ सालीं राष्ट्रकुल युवक क्रीडास्पर्धा पुण्यांत भरल्या, तेव्हां नेमबाजीचे सामने तेथेंच झाले. २०१० सालीं म्यूनिकच्या जागतिक स्पर्धेंत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं पालथें पडून नेम धरण्याच्या ५० मीटर प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतीलच कांबळवाडीचे, मध्य रेल्वेंत नोकरी करणारे व बालेवाडीस सराव करणारे स्वप्नील कुसाळे यांनीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारांत कांस्यपदक पटकाविलें. १९५२ सालच्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दिवसानंतर ‘मलाही रायफल शिकायची आहे’ हें वाक्य ज्या घरांनीं ऐकलें त्यांत आमचें एक.

माझ्या नातीनें महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेनेंत नांव घातलें होतें. तेथें तिनें ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात ती रायफल प्रथम हातीं घेतली, आणि पहिल्याच पांच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखालीं झांकल्या जातील इतक्या जवळ पडल्या. मग ती एका नेमबाजी मंडळांत जाऊं लागली. रायफल मंडळाची, जाड जाकीट एका थोरल्या मुलीनें वापरून दिलेलें. पण काडतुसें मात्र आपलीं आपण घ्यावयाचीं. एका सामन्याला साठ गोळ्या, आणि त्याआधीं नेम जमविण्यासाठीं लागतील तितक्या निराळ्या. माझा मुलगा चाकणला एका कारखान्यांत आहे. ज्या महिन्यांत त्याला जादा कामाचे पैसे मिळतात त्या महिन्यांत नात अधिक गोळ्या झाडते, असा आमच्या घरचा सरळ हिशेब आहे. दुर्बिणीवर व्यर्थ गेलेला प्रत्येक रुपया हा काडतुसांतून गेलेला रुपया असतो, हें आधीं सांगून ठेवतों.

आतां या खेळाला दुर्बीण कशासाठीं लागते? पुष्कळांना वाटतें कीं ती बंदुकीवर बसवावयाची असते. तसें नाहीं. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत बंदुकीवर मोठें करून दाखविणारी दुर्बीण चालत नाहीं. डोळ्यापाशीं एक बारीक भोंक, नळीच्या टोकाशीं एक कडें, आणि त्या कड्याच्या मधोमध दूरवरचें काळें वर्तुळ. एवढ्यावर नेम धरावयाचा. गोळी सुटली, पण ती लागली कोठें? अर्जुनाला हा प्रश्न पडला नाहीं, कारण बाण लागला कीं पक्षी खालीं पडत असे. कागदाचें लक्ष्य पडत नाहीं, हलतही नाहीं. तें पाहण्यासाठीं शेजारीं तिवईवर एक स्वतंत्र दुर्बीण ठेवतात. मुलें तिला ‘स्पॉटिंग स्कोप’ किंवा नुसतें ‘स्कोप’ म्हणतात.

थोडे आंकडे दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें, नऊचें २६.४. म्हणजे प्रत्येक गुणाचें कडें ८ मिलिमीटर रुंद. सारा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा, साधारण चहाच्या बशीएवढा. गोळीचें भोंक ५.६ मिलिमीटरचें. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोनांतील दोन गोष्टी वेगळ्या ओळखतां येत नाहींत. आणि ५० मीटरवर तो साठावा भाग भरतो सुमारें साडेचौदा मिलिमीटर. भोंक त्याच्या निम्म्याहूनही लहान, आणि तेंही काळ्यावर काळें! नुसत्या डोळ्यांनीं तें दिसण्याची आशा नको.

मोठ्या स्पर्धांत हल्लीं लक्ष्य विजेचें असतें. गोळी कोठें लागली तें नेमबाजाशेजारच्या पडद्यावर आंकड्यांसह उमटतें. तेथें दुर्बिणीचें काम पुष्कळसें संपलें. परंतु लहान मंडळांच्या सरावांत व छोट्या स्पर्धांत अद्यापि कागदच लावतात, आणि तेथें तिच्यावांचून चालत नाहीं. दहा मीटरच्या एअर रायफलीसाठीं मात्र ही खरेदी मुळींच करूं नये. तेथें कागद दोरीवरून किंवा यंत्रानें आपल्या हातांत येतो, नाहीं तर पडदा असतो, आणि स्पर्धेच्या नियमांतही त्या अंतरावर दुर्बिणीला जागा नाहीं. मुलगा एअर रायफल शिकतो म्हणून दुर्बीण घेऊन ठेवलेलीं दोन घरें माझ्या माहितींत आहेत.

आतां माझी चूक सांगतों. नातीच्या वाढदिवसाला कांहीं उपयोगी भेट द्यावी असें मनांत होतें. मोबाईलवर चित्र पाहिलें: काळी, रबरानें मढविलेली रुबाबदार दुर्बीण, शेजारीं भला मोठा चंद्र, आणि त्यावर ठळक आंकडा ‘१००’. वीस पटीपासून शंभर पटीपर्यंत मोठें दिसणार, पुढचें भिंग ६० मिलिमीटरचें, वर छोटी तिवई फुकट. किंमत साडेपांच हजार. शंभर हे विसांहून मोठे, एवढें गणित मला येत होतें. मीं मागविली. नातीनें नमस्कार केला, आईनें फोटो काढला, आणि ती पेटी मंडळांत जाऊं लागली.

तीन महिन्यांनीं कागदी लक्ष्यांवरची एक स्पर्धा होती. पुढच्या पातळीवर कोण जाणार हें तिच्यावर ठरावयाचें होतें. सुरुवातीस नेम जमविण्यासाठीं वेळ देतात. त्या वेळीं नातीनें पालथें पडून चार गोळ्या झाडल्या व दुर्बिणींतून पाहिलें. तिला काळ्या भागांत डाव्या बाजूस खालीं दोन गडद ठिपके दिसल्यासारखे वाटले. रायफल डावीकडे खालीं मारते आहे असें समजून तिनें मागच्या भोंकाचे खिळे उजवीकडे व वर फिरविले. खरी गोष्ट अशी होती कीं त्या दोन ठिपक्यांपैकीं एक कागदावरचा ओरखडा होता. तिच्या गोळ्या मध्यभागींच एकावर एक लागल्या होत्या व त्या तिला दिसल्याच नाहींत. पुढें मोजणीच्या कागदांवर आठ, आठ, सात, आठ असें चाललें. तेंही तिला दिसेना. विसाव्या गोळीनंतर शेजारच्या मुलीनें आपल्या दुर्बिणींतून पाहूं दिलें, तेव्हां उलगडा झाला. उरलेल्या चाळीस गोळ्या तिनें उत्तम झाडल्या. चार गुणांनीं तिची निवड हुकली.

हें मला तिनें सांगितलें नाहीं. आठ दिवसांनीं तिच्या प्रशिक्षिका बाईंकडून कळलें. मीं घरीं येऊन विचारलें, ‘‘इतके दिवस दिसत नव्हतें, तर बोलली कां नाहींस?’’

ती म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही पेन्शनमधून आणली होती. मला वाटलें, संवय झाल्यावर दिसेल.’’

त्या रात्रीं मीं ती पेटी उघडून बसलों, आणि जें विकत घेण्यापूर्वीं करावयाचें तें विकत घेतल्यावर केलें.

दुसऱ्या दिवशीं बाईंनीं मला आपल्या दुर्बिणींतून पाहूं दिलें. जुनी, थोडी घासलेली, पट न बदलणारी. नुसती वीस पट. पण लक्ष्यावरचीं भोंकें सुईनें टोंचल्यासारखीं स्वच्छ दिसत होतीं. वीसच कां पुरतात? ५० मीटरला विसांनीं भागा: अडीच मीटर उरतात. म्हणजे लक्ष्य अडीच मीटरवर टांगल्यासारखें होतें. समोरच्या भिंतीवरील कालनिर्णयावर कोणीं मिऱ्याचा एक दाणा चिकटवला तर तो आपल्याला खुर्चीवरून दिसतो ना? तेवढेंच हें काम आहे. साठ पटीनें लक्ष्य एक मीटरच्याही आंत येईल खरें. पण इतक्या जवळ येण्याची किंमत प्रकाशांत मोजावी लागते.

ही किंमत कशी मोजावी याची एक युक्ति सांगतों. ती करावयास फूटपट्टीखेरीज कांहीं लागत नाहीं. दुर्बीण आकाशाकडे रोखून (सूर्याकडे कधींही नाहीं) हातभर दूर धरा व मागच्या भिंगाकडे पाहा. तेथें एक लहान तेजस्वी टिकली दिसेल. सारा प्रकाश त्या टिकलींतून डोळ्यांत जातो. तिचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. ६० मिलिमीटरचें भिंग व वीस पट असेल तर टिकली ३ मिलिमीटरची. दिवसा आपल्या डोळ्याची बाहुली साधारण दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, म्हणून हें माप तिला ठीक बसतें. तीच दुर्बीण शंभर पटीवर नेली कीं टिकली ०.६ मिलिमीटरची होते. क्षेत्रफळ पंचविसाव्या हिश्श्यावर येतें, आणि चित्र संध्याकाळ झाल्यासारखें काळवंडतें. छपराखालच्या पटांगणांत, पावसाळी सकाळीं, काळ्या कागदावरचें काळें भोंक अशा उजेडांत शोधावयाचें म्हणजे अमावास्येला कावळा शोधण्यासारखें आहे.

माझ्या दुर्बिणीची टिकली मीं वीस पटीवर मोजली. ती तीनऐवजीं दोन मिलिमीटर भरली! पुनः पुनः मोजली, तरी दोनच. पट खरी धरली तर याचा अर्थ एवढाच कीं, पुढचें भिंग दिसावयास ६० मिलिमीटरचें असलें तरी आंत कोठेंतरी एक कडें बसवून त्याचा फक्त मधला ४० मिलिमीटरचाच भाग कामांत घेतला आहे. भिंगाच्या कडेकडून येणारे किरण वेडेवांकडे येतात. ते सुधारण्यास खर्च येतो. त्यापेक्षां ते अडवून टाकणें स्वस्त. खोक्यावर ६०, कामांत ४०. दुकानांत उभ्या उभ्या, विक्रेत्याला एक शब्द न बोलतां ही परीक्षा करतां येते, आणि मी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवूं इच्छितों.

भिंग किती मोठें असावें? ६० मिलिमीटरचें निर्दोष भिंग ५० मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा बारकावासुद्धां वेगळा दाखवूं शकतें. आपल्याला पाहावयाचें आहे साडेपांच मिलिमीटरचें भोंक. तेव्हां ५० ते ६० मिलिमीटरचें भिंग या कामास भरपूर झालें. ८० मिलिमीटरच्या दुर्बिणी जड व महाग. ३०० मीटरवर नेम धरणाऱ्यांना किंवा पहांटेच्या अंधुक उजेडांत पक्षी पाहणाऱ्यांना त्या हव्यात. ऑस्ट्रिया, जर्मनी, जपान येथील नामांकित दुर्बिणी लाखाच्या वर जातात. त्या अप्रतिम असतात यांत शंका नाहीं. पण पन्नास मीटरवरच्या कागदाला त्यांची कांहीं गरज नाहीं. पट बदलणाऱ्या स्वस्त दुर्बिणीपेक्षां त्याच किंमतींतील एकाच पटीची दुर्बीण बहुधा अधिक स्वच्छ असते, कारण तिच्यांत भिंगें थोडीं व हलणारे भाग थोडे.

परंतु भिंगाचा व्यास व पट एवढ्यानें भिंगाचा दर्जा कळत नाहीं. तो पाहूनच ठरवावा लागतो, आणि पाहणें म्हणजे दुकानाच्या दारांतून समोरच्या पाटीवरचीं मोठीं अक्षरें वाचणें नव्हे. तशी पाटी कोणतीही दुर्बीण वाचून दाखविते. मीं केलें तें असें. फायलींना भोंकें पाडण्याचें पंच प्रत्येक कचेरींत असतें. त्याचें भोंक ६ मिलिमीटरचें, म्हणजे गोळीच्या भोंकाहून केवळ केंसभर मोठें. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर चहाच्या बशीएवढें वर्तुळ काढून तें शाईनें काळें केलें. सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून टेपानें ५० मीटर मोजले. शेजारच्या चुणचुणीत मुलाला सांगितलें, ‘‘माझ्या नकळत यावर सात भोंकें पाड, मागें काळा कागद लाव आणि भिंतीला चिकटव.’’ मग दुर्बिणींतून पाहून मीं कागदावर जागा टिपल्या व मुलाच्या कागदाशीं ताडून पाहिल्या. नकळत हा शब्द महत्त्वाचा आहे. भोंकें कोठें आहेत हें ठाऊक असलें कीं डोळा तीं हमखास पाहतो. परीक्षेंत उत्तर शेजारीं लिहिलेलें असावें तसें तें होतें. आमचा पहारेकरी दोन दिवस माझ्याकडे संशयानें पाहत होता, पण त्याला इलाज नव्हता.

माझ्या दुर्बिणीनें वीस पटीवर सातांपैकीं चार भोंकें दाखविलीं, आणि नसलेलीं दोन! शंभर पटीवर एकही नाहीं. एका स्नेह्यांकडून आणलेली दहा पटीची, ५० मिलिमीटरची जोडदुर्बीण भिंतीवर टेंकवून धरली तर पांढऱ्या भागावरचें भोंक दाखवी, पण काळ्यावर घोटाळे. २५ मीटरवर मात्र ती बऱ्यापैकीं चालली. ज्यांच्या घरांत अशी जोडदुर्बीण आधींच आहे त्यांनीं तेवढ्या अंतरासाठीं नवी घेण्याची घाई करूं नये. बाईंच्या जुन्या दुर्बिणीनें सातही भोंकें दाखविलीं, व त्यांतलीं दोन एकमेकांना चिकटलेलीं आहेत हेंही सांगितलें.

ही परीक्षा मीं सकाळीं सातला केली व पुनः दुपारीं दोनला केली. दिवस एप्रिलचे. दुपारीं तापलेल्या जमिनीवरून हवा उठत होती व चित्र पाण्याखालीं ठेवल्यासारखें हलत होतें. जितकी पट अधिक तितकें हलणें अधिक. चाळिसाच्या पुढें तर चांगली दुर्बीणही हतबल होते; हवाच मोठी होऊन दिसते, त्याला भिंग काय करणार? या थरथरीचा एक उपयोगही आहे. दुर्बीण लक्ष्याच्या थोडी अलीकडे जुळविली तर हवेच्या लाटा वाऱ्याबरोबर डावीकडे वा उजवीकडे वाहतांना दिसतात. पॉइंट टू-टूची हलकी गोळी वाऱ्यानें सहज ढळते, म्हणून अनुभवी नेमबाज या लाटा वाचून गोळी सोडतात. पडद्यावर गुण दाखविणाऱ्या स्पर्धांतही कांहीं जण दुर्बीण घेऊन बसतात तें यासाठीं.

आतां एक गोष्ट, जी मला घरीं बसून कधींच समजली नसती. पालथें पडून नेम धरणारा नेमबाज म्हणजे एक बांधकाम असतें. कोपर एका जागीं, पट्टा ताणलेला, गाल रायफलीला टेंकलेला. ही मांडणी जमावयास कांहीं मिनिटें जातात. ती मोडावयास मान उचलणें पुरे. म्हणून उजव्या हाताच्या नेमबाजाची दुर्बीण डाव्या बाजूस, डाव्या डोळ्याच्या अगदीं जवळ हवी. नुसती मान किंचित् वळवितां नजर तिच्यांत पडली पाहिजे. सरळ नळीची दुर्बीण याला गैरसोयीची. जिचें मागचें भिंग ४५ अंशांत वळलेलें असतें व नळीभोंवतीं फिरवितां येतें ती सोयीची. माझी दुर्बीण सरळ होती, आणि तिची फुकट तिवई इतकी हलकी कीं शेजारच्या मुलानें गोळी झाडली तरी चित्र थरथरे. नात दर वेळीं कोपर उचलून तिच्यांत डोकावत असे. म्हणजे मीं तिचें दिसणेंच नव्हे, तर बसलेली मांडणीही बिघडवीत होतों. चष्मा लावणाऱ्यांनीं आणखी एक पाहावें: मागच्या भिंगापासून डोळा दीड सेंटिमीटर तरी दूर ठेवून पूर्ण वर्तुळ दिसतें कीं नाहीं. नाहीं तर चष्म्याची कांच आड येऊन मधलें लहानसें छिद्र तेवढें दिसतें.

शेवटीं आम्हीं नवी घेतलीच नाहीं. एक जुने नेमबाज खेळ सोडीत होते. त्यांची ६० मिलिमीटरची, वीस पटीची, वळलेल्या भिंगाची दुर्बीण सात हजारांना मिळाली. जुनी वस्तु घेतांना एक धोका असतो, तो म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेंत पेटींत बंद राहिलेल्या भिंगांवर कोळिष्टकासारखे बारीक तंतु पसरतात व कालांतरानें कांच कायमची खातात. पुढून बॅटरीचा उजेड टाकून मागून तिरकें पाहिलें कीं ते दिसतात. तसे असतील तर दुर्बीण कितीही स्वस्त मिळाली तरी परत द्यावी. आमची स्वच्छ होती. आतां तिच्या पेटींत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या असतात, आणि श्रावणांत आम्ही ती लोणच्याच्या बरणीइतकी जपतों. भिंग पुसण्याचा मोह मात्र टाळतों. धूळ आधीं फुंकणीनें उडवावयाची, धोतराचा सोगा तेथें चालत नाहीं.

राहिली तिवई. बाजारांत चांगल्या तिवईला दुर्बिणीच्या निम्मी किंमत सांगत होते, आणि ती पालथ्या नेमबाजास उंचच पडे. या कामीं मात्र आमचा गांव धांवून आला. माझा मुलगा लेथवर हात बसलेला माणूस. भोसरींत त्याच्या एका मित्राची लहानशी कार्यशाळा आहे. एका रविवारीं दोघांनीं मिळून लोखंडी जाड पत्र्याचें जड बूड, त्यांत उभी दांडी, दांडीवर वरखालीं सरकणारा व घट्ट होणारा एक आडवा हात, असें साधन केलें. दुर्बिणीच्या खालीं जो खिळा बसतो तो पाव इंची, इंचाला वीस आटे, हें माप जवळजवळ सर्वत्र एकच असतें, त्यामुळें तेंही तेथेंच कापलें. उभ्यानें झाडण्याच्या वेळीं लांब दांडी, पडून झाडण्याच्या वेळीं आंखूड. एकंदर खर्च साहित्याचा तेवढा. नात त्याला ‘बाबांचा खांब’ म्हणते. मंडळांतल्या तिघांनीं आतां तसलेच खांब करून मागितले आहेत. मुलगा पैसे घेत नाहीं, काडतुसांची एकेक डबी घेतो.

प्रशिक्षिका बाईंचा एक नवा नियम आहे: दुर्बीण आतां चांगली दिसते म्हणून प्रत्येक गोळीनंतर तींत पाहावयाचें नाहीं. गोळी सुटतांना ती कोठें गेली असेल हें आधीं मनाशीं बोलावयाचें, पांच झाल्या कीं पाहावयाचें, व दोन्ही ताडावयाचें. नात वहींत दोन रकाने करून हें लिहिते. पहिल्या महिन्यांत दोन रकान्यांचा मेळ क्वचित् बसे. हल्लीं पांचांत तीन तरी जुळतात. पुढची निवड दिवाळीनंतर आहे.

माझी शंभर पटीची दुर्बीण टाकलेली नाहीं. वीस पटीवर तिच्यांतून चंद्रावरचीं विवरें ठीक दिसतात. शुक्लपक्षांत संध्याकाळीं मीं ती गच्चीच्या कठड्यावर वाळूच्या पिशवींत रोवून ठेवतों, आणि सोसायटींतील पोरें रांग लावतात. पट वाढविण्याचें चाक त्यांनीं फिरवूं नये म्हणून त्यावर मीं चिकटपट्टी गुंडाळून टाकली आहे.